जकातीच्या नाक्यावर

प्रभू येशूने मत्तयाला हाक मारली ती प्रार्थनागृहात नव्हे, जकातीच्या नाक्यावर. कफर्णहूम हे कोळ्यांचे गाव होते हे आपण जाणतो. ते सीमेवरचे गाव होते हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. हेरोद अंतिपाचा मुलूख तेथे संपत आला होता, आणि यार्देन ओलांडली की त्याचा भाऊ फिलिप याचा मुलूख लागत होता. सीमा आली की नाका आला, आणि नाका आला की त्यावर बसून प्रत्येक वाटसरूला एकच गोष्ट विचारणारा माणूस आला : बरोबर काय आहे आणि त्याचे मोल किती?

दोन हजार वर्षांत नाके बदलले. प्रश्न तोच राहिला. वसई-मुंबईकडून कॅनडात टोरांटोच्या परिसरात जाऊन स्थायिक झालेली आपली अनेक कुटुंबे आहेत. त्यांना हा प्रश्न नायगारा नदीवरच्या पीस ब्रिजच्या टोकाला ऐकू येतो. अमेरिकेतील बफेलो आणि कॅनडातील फोर्ट एरी यांना जोडणारा हा पूल १९२७ साली, दोन देशांमधील शंभर वर्षांच्या शांततेची आठवण म्हणून खुला झाला. आमच्या धर्मग्रामातून गेलेला एक तरुण २०१८ च्या उन्हाळ्यात त्या पुलावरून एक जुनी स्पोर्ट्‌स कार घरी घेऊन यावयास निघाला होता, आणि निघण्यापूर्वी त्याने आम्हांस जे विचारले त्यातून हा लेख उद्भवला आहे.

गाडी होती माझदा एमएक्स-५, २००१ सालची. दोनच माणसांची, छप्पर मागे घडी घालून ठेवता येणारी. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली आणि स्पोर्ट्‌स कार म्हणजे केवळ धनिकांचे खेळणे ही समजूत तिने पुष्कळच मोडून काढली. तरीही चार माणसांच्या कुटुंबाने दोन माणसांची गाडी का घ्यावी, असे विचारणारे विचारतीलच. आम्ही विचारले नाही. अनेक वर्षे रात्रपाळी केलेल्या माणसाला उघड्या छपराखाली तासभर वारा खावासा वाटला तर त्यात धर्माला धास्ती वाटावी असे काही नाही. आनंदाच्या वस्तूंकडे आपल्याकडे उगाचच संशयाने पाहिले जाते.

त्याचा प्रश्न निराळा होता. गाडी विकणारा वयस्क सद्गृहस्थ होता. सौदा सहा हजार अमेरिकन डॉलरना ठरला. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे गाडी देशाबाहेर नेण्याआधी किमान ७२ तास मालकीचे कागद तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे ठेवावे लागतात, म्हणून तीन-चार दिवस हाताशी होते. आणि त्या गृहस्थानेच आपण होऊन, अगदी मायेने विचारले : पावतीवर किती लिहू? तीन हजार लिहू का?

हिशेब मांडून पाहू. सहा हजार अमेरिकन डॉलर म्हणजे त्या वर्षीच्या दराने कॅनडाचे सुमारे ७,८००. गाडी जपानमध्ये तयार झालेली, म्हणून तेव्हाच्या दराने ६.१ टक्के सीमाशुल्क. वातानुकूलन यंत्राबद्दल १०० डॉलर. या सगळ्या बेरजेवर ५ टक्के केंद्राचा कर. म्हणजे नाक्यावर सुमारे ९९५ डॉलर. पावतीवर निम्मी किंमत लिहिली की तेच सुमारे ५५० वर येतात. ऑन्टारिओ प्रांताचा ८ टक्के कर नोंदणीच्या वेळी भरावयाचा. तोही त्याच पावतीवर. सारे मिळून साडेसातशे डॉलरांच्या आसपास वाचतात. साडेसातशे डॉलर म्हणजे मुलांच्या हिवाळी कपड्यांचा खर्च. ज्यांना ही रक्कम क्षुल्लक वाटते त्यांनी परदेशातील पहिली दहा वर्षे काढलेली नसावीत.

येथे एक युक्तिवाद असा येतो की, कर बुडविणे हा सरकारचा गुन्हा असेल, देवाचा नव्हे. हा युक्तिवाद वाटतो तितका उथळ नाही, आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेत त्याला इतिहास आहे. तो लपविण्यात अर्थ नाही. तेराव्या शतकात दोमिनिकन संघाने आपल्या नियमांविषयी असे ठरविले की, नियम मोडणाऱ्याने शिक्षा भोगावी, पण त्याला पापाचा दोष लागू नये. मठातील ही सवलत पुढे नागरी कायद्यांपर्यंत पोहोचली. फ्रान्सिस्को सुआरेझ या येशूसंघीय पंडिताने १६१२ च्या आपल्या कायदेविषयक ग्रंथात केवळ दंडात्मक कायद्यांची कल्पना सविस्तर मांडली, आणि त्यानंतर नीतिशास्त्राच्या कित्येक पाठ्यपुस्तकांत अशा कायद्यांचे नेहमीचे उदाहरण म्हणून जकात दिली जाऊ लागली. पकडला गेलास तर दंड भर. पापनिवेदनात सांगण्याची गरज नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. राजे मनास येईल तसे कर लादीत होते त्या काळात गरिबाच्या जिवाला त्यातून थोडा विसावा मिळाला असेल, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु ख्रिस्तसभा तेथे थांबली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात न्याय्य कर चुकविण्यासाठी क्लृप्त्या लढविणाऱ्यांना दोष दिला. १९९२ च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथाने करचुकवेगिरी सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरीच्या सदरात घातली. आणि संत पौलाने रोमकरांस लिहिताना कर आणि जकात हे दोन वेगळे शब्द घेऊन दोन्ही ज्याची त्याला द्या असे सांगितले, तेही कोणा सज्जन लोकनियुक्त सरकारविषयी नव्हे. रोममध्ये तेव्हा नीरोचे राज्य होते.

आम्हांला मात्र या वादात अडकून राहावेसे वाटत नाही. क्षणभर समजू की सुआरेझच्या अनुयायांचे म्हणणेच खरे. तरी त्या पावतीचे काय? कर देण्याचा प्रश्न सातव्या आज्ञेचा. पावतीचा प्रश्न आठव्या आज्ञेचा. कायदा केवळ दंडाचा ठरला म्हणून तीन हजारांचा आकडा खरा होत नाही. शिवाय तो आकडा एकट्याने लिहिता येत नाही. त्याखाली त्या वयस्क गृहस्थाची सही हवी. गाडीत दुसऱ्या आसनावर पत्नी बसलेली असेल तर तिने त्या वेळी खिडकीबाहेर पाहावयास हवे. खोटे बोलणाऱ्याला आपण एकटाच बोललो असे वाटत असते. प्रत्यक्षात त्याने तोवर दोघा-तिघांना कामाला लावलेले असते.

आणि जे तेथे नव्हते त्यांचाही वाटा त्यात असतो. ऑन्टारिओमध्ये दोन खाजगी व्यक्तींत जुन्या गाडीचा व्यवहार होतो तेव्हा कर सांगितलेल्या किमतीवर नव्हे, तर ती किंमत आणि ‘रेड बुक’ नावाच्या दरपुस्तकातील घाऊक किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारला जातो. एखाद्याला मित्राने खरोखर स्वस्तात गाडी दिली असेल तर त्याने तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून आणावे. हा नियम कोणासाठी करावा लागला? अर्धे आकडे लिहिणाऱ्यांसाठी. भुर्दंड कोणाला? खरे सांगणाऱ्याला. जेथे शब्दावर विश्वास ठेवण्याची सोय उरत नाही तेथे दरपुस्तक येते. आमच्या मते करबुडवेगिरीचे खरे नुकसान तिजोरीत मोजण्यापेक्षा येथे मोजावे.

आपल्या लोकांना नाक्यावरच्या माणसाविषयी आदर नसतो, याला कारण आहे. दहिसरचा जकात नाका आमच्या पिढीने पाहिलेला आहे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी संपली, तरी नाक्यावरचा माणूस म्हणजे खाणारा, ही धारणा आपण विमानात बसून बरोबर नेली. यहुदी लोकांचीही तीच धारणा होती, आणि तीही अनुभवातून आलेली. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले, ते उगाच नव्हे. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. जकातदार योहान बाप्तिस्ताकडे आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले तेव्हा त्याने त्यांना नाका सोडून अरण्यात या असे सांगितले नाही. ठरले असेल त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. म्हणजे ठरलेले असे काही असते आणि ते घेणे रास्त असते. जो हे घेणाऱ्याला सांगितले गेले असे मानतो, त्याने देणाऱ्यालाही ते लागू आहे हे मान्य करावे.

आम्ही त्या तरुणाला हे सगळे सांगितले नाही. दूरध्वनीवर एवढे कोण ऐकून घेतो? पावतीवर सहा हजारच लिहून घे, आणि त्या गृहस्थाचे आभार मान, इतकेच म्हणालो. तो थोडा हिरमुसला. साडेसातशे डॉलर त्याच्याच खिशातून जाणार होते, आमच्या नव्हे, हे त्याने बोलून दाखविले नाही, पण आम्हांस ते ऐकू आले.

पुढचे त्याच्याकडूनच कळले. पुलावर रांग होती. छप्पर उघडे होते आणि पत्नीच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता. अधिकारी तरुण मुलगी होती. तिने पावती पाहिली, गाडीकडे पाहिले, किंमत खरी का खोटी यावर एक शब्दही काढला नाही. मग तिने विचारले, वातानुकूलन आहे का? यंत्र होते, तीन वर्षे बंद पडलेले. पत्नीने त्याच्याकडे पाहिले. आहे, पण चालत नाही, असे तो म्हणाला. तिने ‘आहे’ एवढेच लिहून घेतले आणि शंभर डॉलर मिळवले. मग ती दोघे उन्हात पैसे भरून टोरांटोच्या रस्त्याला लागली. गाडीचा काटा मैल दाखवीत होता आणि पाट्या किलोमीटर सांगत होत्या. त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत पत्नी त्याला आकडे बदलून सांगत राहिली.