शपथेत न सांगितलेलं कर्तव्य

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की आमदाराच्या दिवसावर सगळेच हक्क सांगतात. सकाळी आमदार निवासातल्या खोलीबाहेर मतदारसंघातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं बसलेली असतात. कुणाला बदली हवी, कुणाला शिफारसपत्र, कुणाला नुसतं साहेबांबरोबर उभं राहायचं. मग विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून घोषणा द्यायच्या, कारण कॅमेरे तिथे असतात. दुपारी पोलिसांनी अडवलेल्या मोर्चाकडे जाऊन निवेदन घ्यायचं. यातून वेळ उरला तर सभागृह.

वेळ मुळात थोडा. 2024 मध्ये हे अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर एवढंच चाललं आणि त्या सहा दिवसांत 33 हजार कोटी रुपयांहून अधिकच्या पुरवणी मागण्याही उरकायच्या होत्या. राज्य केवढं आणि चर्चेचे तास केवढे! प्रश्नोत्तराच्या तासात यादीतल्या पहिल्या काही तारांकित प्रश्नांवर बोलणं होतं, बाकीच्यांची उत्तरं कागदावरच येतात. लक्षवेधी लागेल की नाही, याचा नेम नसतो.

अशा वेळी काय करावं आणि काय सोडावं, हा प्रश्न वेळापत्रकाचा वाटतो. आपल्याकडे त्याला जुनं नाव आहे स्वधर्म, आणि तो तितकाच अवघड आहे.

आमदार पदाची शपथ घेतो तिचा मसुदा राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. ईश्वराला साक्ष ठेवावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावं, ही निवड त्याची. घटनेशी निष्ठा आणि देशाची सार्वभौमता व एकात्मता यांची ग्वाही दिल्यावर शेवटी येतं ते हाती घेतलेलं कर्तव्य निष्ठेने पार पाडण्याचं वचन. ते कर्तव्य कोणतं, याबद्दल मात्र शपथ गप्प आहे. तिच्यात मतदारसंघाचा उल्लेख नाही, पक्षाचाही नाही. पक्ष घटनेत आला तो 1985 साली, दहाव्या अनुसूचीतून. व्हिप मोडून मतदान केलं तर आमदारकी जाऊ शकते, एवढी ताकद घेऊनच तो आला. आमदाराच्या सदसद्विवेकाला मतदानापुरती वेसण बसली ती तेव्हा. प्रश्न विचारण्याला आणि विधेयक वाचण्याला मात्र ती नाही, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

‘मी प्रश्न टाकला, पुढचं सरकार बघेल,’ असं म्हणणारे आमदार पुष्कळ. हा निष्काम कर्मयोग म्हणावा का? ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक 1895 ते 1897 या काळात स्वतः मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद होते, हे सहसा कुणाला आठवत नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहून 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांनी गीतेतून कर्मत्याग नव्हे, तर लोकसंग्रहासाठी करायचं कर्म काढलं. फळावरची आसक्ती सोडणं वेगळं आणि कामाचं पुढे काय झालं याची फिकीर सोडणं वेगळं. पहिल्याला योग म्हणता येईल. दुसरा निव्वळ आळस.

हा फरक सीताराम केशव बोले यांच्या कामात स्वच्छ दिसतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला: सरकारी पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला, सरकारने अंमलबजावणीचे आदेश काढले, महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळ्यावर कुणाला जाता आलं नाही. बोले इथे थांबले असते तरी इतिहासाने त्यांना नावं ठेवली नसती. पण 1926 च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उभे राहिले. ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये, असा दुसरा ठराव त्यांनी आणला. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह महाडच्या त्याच चवदार तळ्यावर गेले. तळ्याच्या हक्काचा दावा उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला तो 1937 साली. कौन्सिलातल्या ठरावापासून चौदा वर्षं गेली, आणि ते पाणी मिळवून देण्याचं श्रेय मुख्यतः दुसऱ्यांचं.

जादूटोणाविरोधी कायद्याची गोष्ट उलट्या टोकाची. कित्येक अधिवेशनं रखडलेलं विधेयक 20 ऑगस्ट 2013 ला त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर अध्यादेश होऊन आलं. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेशाचा कायदा झाला नाही तर तो संपतो. त्यामुळे सगळा भार त्या वर्षीच्या नागपूर अधिवेशनावर आला आणि डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. वारीवर, कीर्तनावर गदा येईल ही भीती घालवण्यासाठी यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायद्याने स्पष्ट वगळलं आहे. गुन्हा ठरतात ती अनुसूचीतली 12 कृत्यं. श्रद्धा कुठे संपते आणि पिळवणूक कुठे सुरू होते, या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घालता येतो. आमदाराला मात्र तो एका कलमात, उपकलमात आणि मतदानाच्या घंटेच्या आत सोडवावा लागतो. तत्त्वज्ञाला ही सक्ती नसते, म्हणून कलम वाचण्याचा कंटाळा तत्त्वज्ञाला शोभेल, आमदाराला नाही.

आणि दाराशी बसलेला तो माणूस? त्याला टाळा, असं कोण म्हणेल? रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. काम मागायला आलेल्या एकेकाला चिठ्ठी देत बसण्याऐवजी मागेल त्याला काम मिळण्याचा हक्कच असावा, या विचाराचा त्यांनी पाठपुरावा केला. त्याचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. चिठ्ठी एकाच्या कामी येते. या कायद्याने काम मिळालेले मजूर सभापतींच्या दाराशी कधी आलेही नसतील.

शिफारसपत्र आमदाराचा स्वीय सहायकही लिहू शकतो. सभागृहात हात वर करायचा अधिकार फक्त आमदाराचा, आणि सहा दिवसांच्या अधिवेशनात तो पायऱ्यांवर उभं राहून वापरता येत नाही. येत्या डिसेंबरात जे पत्र मागायला नागपूरला जातील, त्यांनी आपल्या आमदाराला एवढंही जरूर विचारावं: या अधिवेशनात कोणती विधेयकं आली आहेत, आणि त्यांतलं कोणतं तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत?