आजोबांची उचलवही

कान्ह्याहून पुण्याची लोकल पकडली की पुढचंच स्टेशन वडगाव. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला तिथं कोंडीत पकडलं आणि तह करायला लावला. महादजी शिंद्यांचं स्मारक आहे तिथं. लहानपणी आजोबा मला घेऊन जायचे. "इंग्रजाला आपण आपल्या मावळात वाकवलं," असं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. कोणाच्या ताबेदारीत राहायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

याच आजोबांची रुळांपलीकडच्या शेतात वीटभट्टी होती.

भट्टीवर कातकरी जोड्या यायच्या. पावसाळ्यात त्यांच्या हाताला काम नसायचं, घरात दाणा नसायचा, तेव्हा उचल द्यायची. दिवाळीनंतर त्यांनी येऊन विटा थापायच्या. आठवड्याला खर्ची मिळायची, हजार विटांमागे दर ठरलेला, आणि उन्हाळ्याच्या शेवटी हिशेब. हिशेबात काहीतरी अंगावर उरायचंच. ते पुढच्या वर्षीच्या उचलीत धरायचं. आजोबा दुष्ट नव्हते. मजुराचं पोर तापलं तर स्वतः डॉक्टरकडे न्यायचे. "आपलीच माणसं ती," आज्जी म्हणायची, आणि मनापासून म्हणायची.

मी चौथीत असताना एक जोडी रातोरात निघून गेली. वडील आणि काका पिकअप घेऊन निघाले. मीही हट्ट करून मागे बसलो. कर्जतकडच्या एका वाडीत दोघं सापडली. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. काका एवढंच म्हणाले, "चला, बसा." ती बसली. घाट चढेपर्यंत ती बाई माझ्यासमोर होती, पण तिनं एकदाही वर पाहिलं नाही. मी वेफर्स खात होतो.

हे मी साफ विसरलो होतो. गेल्या वर्षी लोकलमध्ये फोनवर अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल वाचताना आठवलं. १८६१ ते १८६५ चं हे युद्ध, सहा लाखांहून जास्त मृत्यू. ते गुलामगिरीसाठी नव्हतंच, राज्यांच्या स्वयंशासनासाठी होतं, असं म्हणणारे तिथं आजही आहेत. खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पटलं. दूरच्या सत्तेनं आमच्यावर हुकूम का चालवावा? हे तर वडगावचंच वाक्य झालं.

मग १८५० चा एक कायदा वाचला. गुलाम पळून उत्तरेतल्या मुक्त राज्यात पोचला तरी त्याला धरून मालकाकडे परत द्यायचं. आसरा देणाऱ्याला दंड आणि तुरुंग. हा कायदा दक्षिणेला हवा होता, आणि तो दूरच्या केंद्र सरकारनंच राबवायचा होता. उत्तरेतली राज्यं तो पाळायला कुरकुर करू लागली, तेव्हा त्यांच्या स्वयंशासनाचं कौतुक दक्षिणेला वाटलं नाही. उलट साउथ कॅरोलायनानं फुटून निघताना जी कारणं जाहीर केली, त्यांत हीच तक्रार आहे. मिसिसिपीनं तर आपली बाजू गुलामगिरीशी एकरूप असल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा त्यांना लाज नव्हती. 'स्वयंशासनासाठी लढलो' ही सारवासारव मुख्यतः हरल्यानंतरची.

म्हणजे राज्याला संघराज्यातून निघून जायचा हक्क हवा होता, पण शेतावरच्या माणसाला शेतातून निघून जायचा हक्क नव्हता. असे माणसं मोजून चाळीस लाखांच्या घरात. मला वाटतं, स्वराज्याची खरी परीक्षा इथं होते. तुमच्या वेशीवर परका किती अडतो यावर नाही, तर आतल्या माणसाला वेस ओलांडता येते का, यावर.

उत्तर काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. लिंकन यांना आधी संघराज्य टिकवायचं होतं. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणाही बंडखोर भागांपुरतीच होती. प्रश्न ऐरणीवर आणला तो पळून येणाऱ्या गुलामांनीच. त्यांच्यातले कित्येक पुढे बंदूक घेऊन उत्तरेच्या सैन्यात उभे राहिले.

आता वडगावकडे परत येतो, कारण तिथं मला जास्त टोचतं. ज्या राज्यानं कंपनीला वाकवलं, त्याच राज्यात कुणबिणी विकत घेतल्या जात, भेट दिल्या जात. व्यभिचाराचा आरोप आलेल्या बाईला सरकारजमा करून कुणबीण करत. वडगावची लढाई त्यामुळे खोटी ठरत नाही. पण त्या विजयात त्या बाईचा वाटा किती, हे स्मारकापुढे उभं राहून मी कधी विचारलं नव्हतं.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी विचारलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. अमेरिकेबद्दल ते जरा जास्तच भोळे होते, असं मला वाटतं. गुलामगिरी संपली तरी तिथला काळा शेतकरी वाट्याच्या शेतीत आणि कर्जात अडकत चालला होता. पण आरसा त्यांनी बरोबर आपल्याकडे वळवला.

कर्जाचा धागा तर थेट आपल्यापर्यंत येतो. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि देशावरचा माल याच रुळांवरून मुंबईला जाऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले. त्या तेजीत काढलेली कर्जं मात्र राहिली. त्यात सरकारी साऱ्याची भर पडली. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यांना नेमकं ठाऊक होतं, माणूस कशात बांधलेला असतो.

उचल म्हणजे गुलामगिरी नव्हे, हे मीही म्हणतो. आमच्या भट्टीवर कोणी कोणाला विकलं नाही. पण कर्जापायी माणसाला काम सोडून जाता येत नसेल, तर १९७६ चा कायदा त्याला वेठबिगारी म्हणतो. एकदा चौकशीला दोन माणसं आली होती, तेव्हा आजोबा ताडकन म्हणाले होते, "आमच्या गावात काय करायचं ते बाहेरच्यांनी शिकवू नये."

आजोबा गेले, भट्टीही बंद झाली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर त्यांची वही सापडली. अक्षर सुंदर. पानाच्या डोक्यावर पुरुषाचं नाव आणि पुढं 'जोडी १'. बायकोचं नाव एकाही पानावर नाही. ते वर्ष शोधलं. उचल, खर्ची, खर्ची, औषध, खर्ची. मग एका ओळीत, त्या दोघांच्याच नावे मांडलेलं: 'कर्जतहून आणले, डिझेल.'