देणारे हात आणि थकलेली मजुरी

सौदी अरेबियाचा विषय निघाला की आपल्याकडे तेल, पैसा आणि कडक कायदे यांवर बोलणे होते. तिथल्या दातृत्वाविषयी फारसे कोणी बोलत नाही. नोकरीनिमित्त काही वर्षे जेद्दात काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा समाज समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. वस्तीतल्या घरांच्या कुंपणभिंतींना जागोजागी थंड पाण्याचे कूलर लावलेले असतात. निवर्तलेल्या आईवडिलांच्या नावाने कोणी घातलेली ही पाणपोई असते. रमजानात मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानीला थोडा अवकाश असताना सिग्नलवर थांबलेल्या गाड्यांच्या खिडक्यांतून तरुण मुले खजूर, लबन म्हणजे ताक आणि पाण्याची बाटली आत सरकवतात. आत कोण बसले आहे, कोणत्या देशाचे, कोणत्या धर्माचे, हे विचारत नाहीत. मशिदीबाहेर जेवणासाठी लांबलचक सुफरा अंथरला जातो आणि कब्शाच्या, म्हणजे मांस-भाताच्या, एकाच थाळ्याभोवती येमेनी, बांगलादेशी, मल्याळी आणि आपला रत्नागिरीचा माणूस मांडीला मांडी लावून जेवतात. हा दिखावा नाही. ज्याने त्या थाळ्यातला घास खाल्ला आहे, तो असे म्हणणार नाही.

या देण्यामागे धर्म आहे, तशी गरिबीची आठवणही आहे, आणि ती फार जुनी नाही. दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीतून व्यापारी प्रमाणात तेल वाहू लागले ते १९३८ साली. त्याआधी हिजाझ, म्हणजे मक्का-मदिनेचा प्रांत, हाजींच्या येण्याजाण्यावर आणि बाहेरून येणाऱ्या दानावर जगत होता. त्या दानात हिंदुस्थानचा वाटा मोठा होता. मक्केतला सौलतिया मदरसा एकोणिसाव्या शतकात उभा राहिला तो कोलकात्याच्या सौलतुन्निसा बेगम यांच्या देणगीतून. हैदराबादच्या निजामांनी मक्केत वक्फ केलेल्या रुबातीत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, जुन्या संस्थानातल्या जिल्ह्यांचे हाजी आजही विनामूल्य उतरतात, आणि त्यांत मराठवाड्याचेही असतात. आज जो हात देतो आहे तो तीन पिढ्यांपूर्वी घेत होता. अल राजही बँकेचे एक संस्थापक सुलेमान अल राजही यांनी लहानपणी हमाली केली होती. पुढे अब्जाधीश झाल्यावर त्यांनी बहुतेक सारी संपत्ती वक्फ आणि मुलेबाळे यांच्यात वाटून टाकली. २०१२ साली त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. त्यांची गोष्ट तिथे अभिमानाने सांगितली जाते, कारण त्या पिढीच्या कित्येक घरांत उपाशी झोपल्याच्या आठवणी आहेत.

जकातीची, म्हणजे इस्लाममधल्या सक्तीच्या दानाची, कल्पना मुळात दयेची नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग देणाऱ्याचा उरतच नाही. मागणाऱ्याचा आणि वंचिताचा त्यावर हक्क आहे, असे कुराण मानते. कोणाला द्यायचे त्या आठ वर्गांत फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि गरजू, आहेत, तसे कर्जात बुडालेले आणि वाटेत अडकलेले परदेशीही आहेत. सौदी राज्याने तर हा हक्क सरकारी यंत्रणेतच आणला. जकात आणि आयकर खाते १९५१ मध्ये निघाले, आणि सौदी मालकीच्या कंपन्यांना आजही राज्याकडे जकात भरावी लागते. दहशतवादाला पैसा जाण्याच्या भीतीने २००३ मध्ये मशिदी आणि दुकानांतल्या दानपेट्या उचलल्या गेल्या. दान हळूहळू परवानाधारक संस्थांकडे आणि पुढे फोनमध्ये गेले. २०२१ पासून ‘एहसान’ या सरकारी मंचावरून विधवेचे घरभाडे किंवा रुग्णाची शस्त्रक्रिया निवडून पैसे देता येतात. ‘फुरिजत’ या सेवेतून तर कर्जापायी तुरुंगात पडलेल्या माणसाची रक्कम भरून त्याला सोडवता येते. हे सगळे मी मनापासून चांगले मानतो. बोट टेकवताच एका अनोळखी माणसाच्या तुरुंगाचे दार उघडते, याहून थेट दान कोणते असणार?

तरीही गरिबी दिसू द्यायची नाही, हा हट्ट तिथे आहेच. तेव्हाचे युवराज अब्दुल्ला २००२ च्या रमजानात रियाधमधल्या गरीब वस्तीत गेले आणि सौदी नागरिकांच्या घरातले दारिद्र्य पहिल्यांदाच देशाने उघड्यावर पाहिले. २०११ मध्ये फेरास बुग्ना या तरुणाने अशाच एका वस्तीवर छोटा चित्रपट करून इंटरनेटवर टाकला, तेव्हा त्याला आणि त्याच्या साथीदारांना काही दिवस कोठडीत ठेवण्यात आले. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन जिझानपर्यंत हिंडून आले. आपल्या देशात गरिबी नाही अशीच बहुतेक सौदींची समजूत आहे, असे त्यांनी नोंदवले. उंच भिंतींच्या घरांत न मागणारा गरीब लपून राहतो. त्यात बाया जास्त: विधवा, घटस्फोटिता, नवऱ्याने टाकलेल्या. जून २०१८ पर्यंत बाईला गाडी चालवण्याची परवानगी नव्हती, तेव्हा नोकरी करायची तर मिळकतीचा मोठा हिस्सा ड्रायव्हरवर जाई. अशा घरात तांदळाची पिशवी पोचवणे सोपे होते. तिला गाडीची किल्ली मिळायला मात्र कायदा बदलावा लागला.

पण मला सर्वांत अस्वस्थ केले ते रस्ते झाडणाऱ्यांनी. अंगावर कंपनीचा गणवेश, हातात झाडू, बहुतेक जण बांगलादेशी. सिग्नलला गाडी थांबते, काच खाली होते, पाच-दहा रियालची नोट बाहेर येते. रमजानात तर गाड्यांची रांगच लागते. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरी कणव असते, घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद. पण तो माणूस भिकारी नाही, कामगार आहे. उन्हातान्हात शहर स्वच्छ ठेवण्याचा करार त्याने केला आहे, आणि त्याचा पगार इतका तुटपुंजा ठेवलेला असतो की उरलेले लोक देतीलच हे त्यात जणू धरलेले असते. ठेकेदार कमी देतो, ते नागरिकाची दया भरून काढते. दानाचे पुण्य दात्याला मिळते आणि नफा ठेकेदाराकडे राहतो. २०२१ च्या भीकविरोधी कायद्यात तुरुंग आणि जबर दंड आहे, परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचीही तरतूद आहे. त्यामुळे झाडूवाला हात पसरू शकत नाही. कोणी आपण होऊन देईल याची वाट पाहत तो सिग्नलजवळचाच कचरा पुन्हा पुन्हा झाडत राहतो.

२०२२ च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर माणसांत एक्केचाळीसहून अधिक परदेशी होते. घरकाम, बांधकाम, सफाई, ड्रायव्हिंग, ही अंगमेहनतीची कामे त्यांच्याच माथी आहेत. २०१६ मध्ये एका मोठ्या बांधकाम कंपनीचे हजारो भारतीय कामगार पगाराविना छावण्यांत अडकले. भारतीय वाणिज्य दूतावासाने आणि तिथल्या भारतीयांनी तांदूळ, डाळ, तेल पोचवले. सौदी सरकारनेही अन्नाची आणि परतीची सोय केली. पोटाला मिळाले, विमानाचे तिकीट मिळाले. पण महिनोन्‌महिन्यांचा थकलेला पगार मागे ठेवून कितीतरी माणसे घरी परतली. त्यांना द्यायला अन्न होते, हक्काचे पैसे नव्हते. ही उदारतेची कमतरता म्हणता येणार नाही. उदार माणूससुद्धा देणे आणि देणे लागणे यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवतो. पहिल्या वहीत तो स्वतः दाता असतो, म्हणून ती उघडायला बरे वाटते. दुसऱ्या वहीत तो ऋणको असतो.

इस्लामची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. कामगाराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, असे पैगंबरांचे वचन सांगितले जाते. तिथले इमामही ते शुक्रवारच्या प्रवचनात सांगतात. थकलेली मजुरी हे फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, नजरेतूनही कर्जच आहे. म्हणून बाहेरच्या मानवाधिकारांच्या भाषेपेक्षा या घरच्या भाषेत केलेला आग्रह तिथे अधिक पोचेल, असे मला वाटते.

सुधारणा झालेल्या नाहीत असे नाही. २०१३ पासून पगार बँकेतून देण्याची आणि त्याची नोंद सरकारकडे जाण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. पगार दोन महिने रखडला तर कंपनीच्या बहुतेक सरकारी सेवा थांबतात, तीन महिने रखडला तर कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे जाता येते. २०२१ मध्ये कफीलच्या, म्हणजे कामगाराला आणणाऱ्या मालकाच्या, परवानगीचे जोखड आणखी सैल झाले. पण घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्या बदलांच्या बाहेरच राहिले, म्हणजे ज्यांची दारे आतून बंद असतात तेच.

सरकारी कामाच्या निविदेसाठी कंपनीला जकात भरल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. कोणी किती जकात दिली हे राज्याला ठाऊक असते, आणि पगाराच्या नोंदींमुळे कोणी किती मजुरी थकवली हेही त्याला कळते. या दोन नोंदी एकत्र वाचाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. झाडूवाल्याचे, गवंड्याचे, वेल्डरचे देणे चुकते होईपर्यंत जकातीचे प्रमाणपत्र देऊ नये, आणि सफाईचा ठेका देताना नगरपालिकेने कामगाराचा किमान पगार निविदेतच लिहावा, म्हणजे स्वस्त बोली लावणाऱ्याला तो सिग्नलवरच्या नोटांच्या भरवशावर कापता येणार नाही.