गरुड, नाग आणि अपमृत्यू : एका प्रतीकाचा नैतिक विचार

प्रतीकाची चर्चा करताना त्याच्या अर्थबहुलतेवर जितका भर दिला जातो तितका त्याच्या नैतिक बाजूवर दिला जात नाही. प्रतीक कशाकडे निर्देश करते हे विचारले जाते. तसा निर्देश करताना ते कोणाला दृष्टीआड करते, हे क्वचितच. गरुडाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. उंची, दूरदृष्टी, सूर्याभिमुखता, बंधमुक्ती ही त्याच्या आध्यात्मिक अर्थाची ठरून गेलेली अंगे आहेत. परंतु उंची ही सापेक्ष कल्पना असते. कोणीतरी खाली असल्यावाचून कोणी वर असू शकत नाही, आणि गरुडाच्या बाबतीत तर जो खाली आहे तो त्याचे भक्ष्य आहे.

पाश्चात्त्य फलज्योतिषाच्या लोकप्रिय मांडणीत वृश्चिक राशीच्या उन्नत अवस्थेचे चिन्ह गरुड मानले जाते. विंचू ही खालची पायरी, गरुड वरची. ही मांडणी आता मराठी वाचकालाही अपरिचित राहिलेली नाही. तिचे मूळ यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातील मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड या चार मुखांत शोधले जाते. ख्रिस्ती परंपरेने त्यांतील गरुड योहानाला दिला. गूढवाद्यांनी चारही मुखे कुंभ, सिंह, वृषभ आणि वृश्चिक या स्थिर राशींशी जोडली, आणि त्या जुळणीत विंचवाच्या जागी गरुड येऊन बसला. भारतीय ज्योतिषात वृश्चिकेचा गरुडाशी असा संबंध नाही. प्रश्न अर्थात आयातीचा नाही, कारण प्रतीके प्रवास करतातच. प्रश्न त्या शिडीचा आहे. सरपटणारे ते हीन आणि उडणारे ते श्रेष्ठ, हे मूल्यमापन अध्यात्माच्या भाषेत इतक्या सहजपणे मांडले जाते की ते मूल्यमापन आहे हेही लक्षात येत नाही.

आकाश मात्र अशा शिडीला बांधलेले नाही. श्रवण नक्षत्राचे तीन तारे पाश्चात्त्य तारकापटात गरुड तारकासमूहात मोडतात. त्यांतील ठळक ताऱ्याचे अल्टेअर हे नाव ‘उडता गरुड’ या अर्थाच्या अरबी शब्दप्रयोगावरून आले. आपल्या परंपरेत या नक्षत्राची देवता विष्णू, आणि तीन तारे म्हणजे त्रिविक्रमाची तीन पावले. मराठी लोकमानसाने तिथे तिसरेच पाहिले : मध्ये श्रावणबाळ आणि कावडीच्या दोन पारड्यांत त्याचे आंधळे आईवडील. त्याच तीन ठिपक्यांत एकाला पसरलेले पंख दिसतात, दुसऱ्याला ब्रह्मांड व्यापणारे पाऊल, तिसऱ्याला खांद्यावरचे ओझे. यांतील कोणता अर्थ खरा, हा प्रश्न निरर्थक आहे. कोणत्या अर्थाने पाहणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न तसा नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील गरुडकथा कावडीच्या या अर्थाला अनपेक्षितपणे जवळची आहे. गरुड उडतो तो उंची गाठण्यासाठी नव्हे; आई विनता कद्रूची दासी झाली आहे, तिला सोडवण्यासाठी. अमृत हाती असूनही तो ते पीत नाही. (ग्रीक कथेत अग्नी चोरून आणणाऱ्या प्रोमीथिअसचे काळीज गरुड खातो; इथे अमृत हिरावून आणणारा स्वतःच गरुड आहे. दोन संस्कृतींच्या तौलनिक अभ्यासाला हा एवढा फरकही पुरेसा ठरावा.) विष्णू प्रसन्न झाल्यावर गरुड मागतो ते त्याच्याही वर राहण्याचे स्थान, आणि विष्णू मागतो ते त्याचे वाहन होणे. म्हणून तो ध्वजावर विष्णूच्या वर आहे आणि वाहन म्हणून त्याच्या खाली. उंची आणि भारवहन यांचा इतका नेमका तोल अन्य कोणत्या प्रतीकात साधला असेल, हे सांगणे कठीण आहे.

येथवर आले की भक्तिपर विवेचने बहुधा थांबतात. कथा मात्र थांबलेली नाही. अमृताच्या वाटेवर भूक लागेल म्हणून विनताच त्याला समुद्रकाठच्या निषादांचे भक्षण करण्यास सांगते. ब्राह्मणाला तेवढे वगळ, असे बजावते. हजारो निषाद गरुडाच्या मुखात जातात. त्यांच्यात एक ब्राह्मण असतो, त्याने घसा जळू लागतो, आणि गरुड त्याला सोडतो. त्याच्या शब्दाखातर त्याच्या निषाद पत्नीलाही. पुढे फांदीला लोंबकळणाऱ्या वालखिल्य ऋषींना इजा होऊ नये म्हणून तीच फांदी चोचीत धरून तो कितीतरी वेळ फिरतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही निषादांचा प्रसंग आहे. तेव्हा तो मागाहून घुसडलेला म्हणून बाजूला सारण्याची सोय नाही. करुणा इथे आहे, आणि ती कोणाच्या वाट्याला यावी हे आधीच ठरलेले आहे. यवतमाळसारख्या गोंड, कोलाम आणि परधानांच्या जिल्ह्यात बसून ही कथा वाचणाऱ्याने त्या हजारोंना ‘पार्श्वभूमी’ म्हणून ओलांडून जावे, अशी अपेक्षा कोणत्या समीक्षापद्धतीला करता येईल? प्रतीकाला ‘सार्वत्रिक’ म्हणण्याची किंमत अशा ओलांडण्यातच चुकती होत असते.

परंपरेला हे कळले नव्हते असे नाही. सातव्या शतकातील हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा तोच विषय आहे. गरुडाला रोज एक नाग देण्याचा करार झालेला आहे. शंखचूडाची पाळी येते, त्याची आई आक्रोश करते, आणि विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन त्याच्या जागी वध्यशिलेवर जाऊन बसतो. आईच्या दास्यमुक्तीसाठी स्वर्ग पालथा घालणारा गरुड इथे दुसऱ्या आईचा मुलगा खायला उतरला आहे. नाटकाचे मर्म मात्र बलिदानापेक्षा त्यानंतरच्या एका क्षणात आहे. खाता खाता गरुड थबकतो, कारण भक्ष्याच्या चेहऱ्यावर वेदना नाही. तू कोण आहेस, असे तो विचारतो. ज्याला खायचे त्याला प्रश्न विचारला की तो भक्ष्य राहत नाही. गरुडाचा पश्चात्ताप, हिंसात्याग, अमृतवृष्टीने नागांचे पुन्हा जिवंत होणे हे सारे त्या प्रश्नाच्या मागून येते. आदिपर्वात नागांना न मिळालेले अमृत येथे त्यांना मिळते, ही केवळ नाट्यसोय मानता येत नाही. एका संहितेने दुसरीला दिलेले ते उत्तर आहे.

या कथेला महाराष्ट्राच्या इतिहासात एक विलक्षण जोड मिळाली आहे. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवतात, आणि त्यांचे बिरुद आहे सुवर्णगरुडध्वज. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला शिलाहार लेखांचा संग्रह १९७७ साली प्रसिद्ध झाल्यापासून हा पुरावा अभ्यासकांसमोर एकत्र आहे. रक्त खाल्ल्या गेलेल्याचे आणि ध्वज खाणाऱ्याचा! राजकुलाची प्रतिष्ठा वाढवण्याची ही रूढ रीत म्हणून तिचा उलगडा होतो, आणि इतिहासकाराने तेवढ्यावर थांबावे हेही योग्य. प्रतीकविचाराने थांबू नये. सत्तेने गरुड उचलला तेव्हा त्याचा थबकण्याचा क्षण गळून पडला आणि उरले ते पंख. रोमन सैन्याच्या निशाणापासून आधुनिक राष्ट्रांच्या राजमुद्रांपर्यंत हेच झालेले दिसते.

सामान्य मराठी घरात गरुड आजही प्रवेश करतो तो निशाणावरून नव्हे. तो येतो मृत्यूनंतर, गरुडपुराणाच्या वाचनातून. तिथे तो राजा नाही, वाहनही नाही. तो प्रश्न विचारणारा आहे. मेल्यावर माणसाचे काय होते, हे तो विष्णूला विचारतो आणि ऐकत राहतो. विष्णूच्या नक्षत्राचे नाव ‘श्रवण’ असावे, हा योगायोग सुंदर आहे, पण त्यावर सिद्धान्त उभारू नये. अडचण उत्तरांत आहे. सर्पदंश, विष, शस्त्र, आत्मघात यांनी आलेले मरण ते पुराण दुर्मरणात जमा करते, अशा मृताला सहज गती नाही असे सांगते आणि नारायणबलीचे विधान करते.

हे शब्द यवतमाळ जिल्ह्यात कोणाला उद्देशून उच्चारले जातात? १९ मार्च १९८६ रोजी या जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबातील सहा जणांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेला आता अन्नत्याग केला जातो. पुढच्या दशकांत शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात या जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले. २०१७ च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सर्पदंश तर कापसाच्या रानात नित्याचा धोका. म्हणजे पुराणातील दुर्मरणाची यादी ही येथील श्रमाच्या जोखमींचीच यादी होऊन बसते. सावकार, बाजारभाव, बोंडअळी, उघड्या अंगाने पाठीवर घेतलेला पंप यांपैकी काहीही त्या उत्तरात नाही. दोष चिकटतो तो मृताला, आणि विधीचा खर्च मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर पडतो. श्रद्धावान म्हणतील की विधी हा सांत्वनाचा मार्ग आहे. ते खरेही आहे, आणि शोकाकुल घराला त्यापासून तोडण्याचा अधिकार समीक्षेला नाही. परंतु ज्याला सांत्वनाची गरज आहे त्याला आधी अपराधी ठरवावे लागते, ही त्या सांत्वनाची अट तपासण्याचा अधिकार तिला आहे. गरुड तिथे प्रश्नकर्ता म्हणून बसलेला असताना त्याच्या तोंडी हा दुसरा प्रश्न का येत नाही? ‘नागानंदा’तला गरुड तो विचारू शकला होता.

श्रवण नक्षत्रावरून नाव पडलेल्या महिन्यात, शुद्ध पंचमीला, याच गावांत नागाची पूजा होते. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, चिरणे-कापणे टाळतात. त्या दिवशीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे : शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मरतात, ती सूडाने घरच्या सर्वांना डसते, आणि सासरी नागपूजा करीत असलेल्या लेकीपुढे येऊन शांत होते. मग ती लेकीला अमृत देते. लेक ते माहेरच्यांच्या तोंडी घालते आणि सारे उठून बसतात. स्वर्गातून हिरावलेले, नागांच्या जिभा चिरून गेलेले ते अमृत या कहाणीत नागिणीच्याच हाती आहे. गरुडाचा तिच्यात उल्लेखही नाही. आणि ज्यांना ते अमृत मिळते ते सर्पदंशाने मेलेले शेतकरी आहेत. त्यांची गती कोणी विचारीत नाही.