पासष्ट मिलिमीटरच्या अलीकडे

चोवीस तासांत 65 मिलिमीटर. वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारा, हा आकडा तो सांगेल. महसूल मंडळात एवढा पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मग पंचनामे, आणि पंचनाम्यात नुकसान 33 टक्क्यांच्या वर निघालं की मदत. सप्टेंबरात पारावर बसा, ‘आपल्या मंडळात त्रेसष्टच भरला म्हणे’ अशी हळहळ ऐकू येईल. सोयाबीन पाण्याखाली आहे आणि माणूस आणखी दोन मिलिमीटर पडायला हवा होता म्हणून चुकचुकतो आहे! शहरातल्या वाचकाला हा विनोद वाटेल. आमच्याकडे तो हिशोब आहे.

हा आकडा मला बरीच वर्षं खुपतो आहे. तो चुकीचा आहे म्हणून नाही. आभाळाकडे पाहणारी आपली सगळी सरकारी नजर या आकड्याच्या पलीकडच्या बाजूला उभी आहे म्हणून. पाऊस पडून गेल्यावर काय उरलं ते मोजायला आपल्याकडे माणसं आहेत, नमुने आहेत, रकाने आहेत. पडण्याआधीच्या अर्ध्या तासाचा धनी कोण, हे मात्र कुठल्याच नमुन्यात लिहिलेलं नाही.

याची मुळं जुनी आहेत. 1905 पर्यंत वऱ्हाडात ‘बाशीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. मग तो अकोल्यात विरला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. त्या बाशीमने 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ लागोपाठ पाहिले. इंग्रजी अमदानीत संकटावर नजर ठेवायची म्हणजे पिकाचा अंदाज घ्यायचा, बाजारातला धान्याचा भाव लिहायचा, खडी फोडायला किती माणसं आली ते मोजायचं. आणेवारी त्याच वळणातली. पुढे तिची पैसेवारी झाली आणि 50 पैशांची रेघ पक्की झाली. दुष्काळाला हे वळण शोभतं, कारण दुष्काळ महिनोन्‌महिने चालत येतो. मोजता मोजता तो दिसतो. वीज तशी येत नाही. गारपीटही तशी येत नाही. पण आपण त्यांच्यापुढेही तीच फूटपट्टी घेऊन गेलो.

2017 मध्ये राज्यात ‘महावेध’ प्रकल्प सुरू झाला. दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, सगळं दर दहा मिनिटांनी नोंदणारी. चांगलंच झालं. राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे साधारण दीडशे चौरस किलोमीटरांना एक यंत्र. वळवाचा ढग मात्र एका धुऱ्यावर धो धो पडतो आणि दुसऱ्या धुऱ्याची धूळही भिजवत नाही. तेव्हा यंत्राच्या भोवती कोरडं आणि चार कोसांवर पूर, असं होणारच. तेही सोडून देऊ. माझी तक्रार वेगळी आहे. पश्चिमेकडच्या मंडळातल्या यंत्राला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कळलं की वारा अचानक पिसाटला, पारा उतरला, दहा मिनिटांत पंधरा मिलिमीटर ओतला. ही नोंद विम्याच्या कामी येते, मदतीच्या यादीच्या कामी येते. पूर्वेकडच्या मंडळात सोंगणी करणाऱ्या बायांना तीन वाजून वीस मिनिटांनी ती कुणी कळवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

11 फेब्रुवारी 2018, रविवार. बुलडाणा, अकोला, अमरावती, वाशीम आणि तिकडे जालना, बीड या पट्ट्यात गारपीट झाली. घाट्यावर आलेला हरभरा आणि ओंबीतला गहू आडवा झाला. पावसाची भरपूर नोंद झाली असेल, पण गार मोजायला पर्जन्यमापकाला डोळे नसतात. ती माणसानंच हातावर घेऊन ‘लिंबाएवढी’ म्हणायची असते.

रडारचं काय, असं कुणी विचारेल. विदर्भाचं डॉप्लर रडार नागपुरात आहे. वाशीम तिथून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी खाली वाकत जाते. त्यात किरण मुळातच किंचित वर रोखलेला. एवढ्या अंतरावर तो जमिनीपासून पाचेक किलोमीटर उंचीवरून जातो. म्हणजे नागपूरला आमच्या ढगाचा फेटा दिसतो, धोतर दिसत नाही. आणि वाऱ्याचा जो झोत टिनपत्रे उडवतो तो तर पायाशी असतो.

जमिनीचाही आधार नाही. वाशीम अजिंठ्याच्या पठारावर, पाणलोटाच्या माथ्यावर बसलेलं आहे. काटेपूर्णा इथून निघून पूर्णेत, तापीत जाते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेला मिळतात, आणि ते पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली हे तासातासाला कळतं, कारण वरून पाणी यायला वेळ लागतो. आम्हीच वर आहोत. आमचा पूर नदीतून येत नाही, शेजारच्या गावाच्या नाल्यातून येतो. आणि नाला तासभर थांबत नाही.

मग उरतो तो अंदाज. इथे मला भाषेबद्दल भांडायचं आहे. हवामान खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असं असतं. खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी. ते ठिकाणांचं विशेषण आहे, पावसाचं नव्हे. त्या थोड्या ठिकाणी आभाळ फाटूही शकतं. पण रिसोडच्या बाजारात उभ्या माणसानं ‘तुरळक’ ऐकलं की तो म्हणतो, चार थेंब येतील, सुडी झाकायची गरज नाही. एका शब्दानं ताडपत्री घरात राहते. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा, हेही कळायला हवं. आमच्याकडे पिवळं म्हटलं की हळद आठवते.

परभणीच्या पंजाब डखांचे अंदाज वऱ्हाडात का ऐकले जातात, यावर हसणाऱ्यांनी थोडा विचार करावा. ते बरोबर असतात की चूक, हा प्रश्न बाजूला ठेवू. शास्त्राच्या कसोटीवर मी माझा पैसा हवामान खात्यावरच लावीन. पण ते तारीख सांगतात, जिल्ह्याचं नाव घेतात, ‘काढणी करून घ्या’ म्हणतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणीही तशीच. अक्षय्य तृतीयेला धान्य मांडायचं, रात्रभर तिकडे फिरकायचं नाही आणि पहाटे पाऊस, पीक, रोगराई, परचक्र आणि राजाची गादी, सगळ्यांचं भाकीत एका बैठकीत. ढग आणि युद्ध यांचं एकच खातं! आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2005 मध्ये आला. भेंडवळनं हे विलीनीकरण फार आधी करून ठेवलं होतं. त्या भाकितात शास्त्र नाही. पण त्याला श्रोता आहे, ठरलेली वेळ आहे, सांगणारा तोंडओळखीचा आहे. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये उघडलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रं साधारण हेच करू पाहत होती, शास्त्राच्या आधारानं आणि जिल्ह्याच्या बोलीत. देशभरातली 199 केंद्रं 2024 मध्ये बंद झाली. हा निर्णय मला आजही कळलेला नाही.

2023 च्या पावसाळ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतं? ती मोबाइलवरून सरसकट इशारा पाठवण्याची चाचणी होती. आता वीज पडण्याआधी कळवणारं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲपही आहे. यंत्राच्या बाजूनं आपण खूप पुढे आलो, हे मान्य करायलाच हवं. 2022 या एका वर्षात देशात विजेनं 2,887 माणसं मारली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. ही माणसं कुठे होती? बरीचशी वावरात, धुऱ्यावरच्या झाडाखाली, ढोरांमागे. आणि फोन कुठे होता? वावराच्या टोकाला डब्याच्या पिशवीत, नाहीतर घरी मुलाच्या हातात.

समजा, तोही बाईच्या कमरेला आहे आणि वाजला. सोयाबीनची सोंगणी आमच्याकडे गुत्त्यानं होते, एकराचा ठरलेला भाव. दोन तास काम थांबलं तर शेतमालकाचं काही जात नाही, टोळीचं जातं. आभाळ उघडलं तर ‘उगाच पळाल्या’ हा टोमणा वर. इशाऱ्याला किंमत असते आणि ती इथे सर्वांत कमी कमावणारी बाई भरते, हे आपल्या एकाही आराखड्यात मी वाचलेलं नाही. मृत्यू झाला तर चार लाख, दुभतं जनावर गेलं तर 37,500, ओढकाम करणारा बैल गेला तर 32,000. गेलेल्याचे दर पक्के आहेत. कडकडाट ऐकून काम सोडणाऱ्या टोळीच्या दोन तासांचा दर कुणी काढलेला नाही.

1970 च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसं गेल्यावर बांगलादेशानं गावोगाव स्वयंसेवक उभे केले. हातात भोंगा, खांबावर झेंडे, आणि दारोदार जाऊन ‘चला’ म्हणणं. ओडिशातही 1999 च्या महाचक्रीवादळानं दहा हजारांच्या आसपास माणसं नेली. 2013 च्या फायलिनमध्ये बळींचा आकडा काही दहांत राहिला, कारण आधीच लाखो लोक हलवले गेले. हे दाखले देताना मी थोडा अडखळतो. चक्रीवादळ चार दिवस आधी दिसतं. आमचा ढग दुपारी दोनला जन्मतो आणि चारला मरतो. दारोदार फिरायला वेळच नसतो. पण दवंडी? कोतवालाच्या दवंडीला नेटवर्क लागत नव्हतं, आणि ती ज्याच्याकडे फोन नाही त्यालाही ऐकू जायची. देवळाचा भोंगा आजही प्रत्येक गावात आहे. कोरोनात आपण तो वापरला होता. त्याचा खटका कुणी, कशावरून दाबायचा, एवढंच ठरलेलं नाही.

आणि भोंगा वाजल्यावर जायचं कुठे, हेही नाही. 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस इथे बाबूजी महाराज मंदिराजवळच्या टिनशेडवर वादळात जुना लिंब कोसळला. आडोशाला थांबलेल्यांपैकी सात जण गेले. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांना दिलेला कुठलाही इशारा त्या लिंबाबद्दल काही सांगू शकला नसता. ते गावालाच माहीत असणार: कोणतं झाड पोखरलेलं आहे, कोणतं शेड चार नटांवर उभं आहे, शाळेच्या स्लॅबच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते.

मागच्या ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या वाटेवर एका वावराशी थांबलो होतो. पश्चिमेला काळं दाटलं होतं. टोळीची म्होरकी, साठीची असेल, विळा खाली ठेवून आभाळ पाहत होती. तेवढ्यात माझ्या फोनवर कुणीतरी पुढे ढकललेला संदेश आला: वाशीमसह काही जिल्ह्यांत येत्या तीन तासांत विजांसह पावसाची शक्यता. मी तो तिला वाचून दाखवला. तिनं नीट ऐकून घेतला.

‘भाऊ, हे तीन तास कवापासून धराचे?’

मी पुन्हा पाहिलं. संदेशात वेळ नव्हती. वर-खाली सरकवून पाहिलं, सकाळचा असावा किंवा आत्ताचा. मी मान वर केली तोवर तिनं बायांना हाक मारली होती आणि विळे गोळा व्हायला लागले होते.