कष्ट कोणाचे, सवाब कोणाचा?

मागील पावसाळ्यात जोडून आलेल्या सुट्टीत वडनेर भोलजीहून आमच्या मशिदीतील आम्ही सातजण चिखलदऱ्याला गेलो होतो. तेथून गाविलगडापर्यंत पायी जावे, हा आग्रह माझा. अहमदशहा बहमनीने 1425 साली उभारलेल्या त्या किल्ल्यात जुनी मशीद आहे. जोहरची नमाज तेथेच अदा करावी, अशी माझी इच्छा होती.

पठाराच्या उघड्या भागावर आडोसा नव्हता. पाऊस आडवा येत होता आणि धुक्यात दहा पावलांपुढचा माणूस दिसेना. सोबतचे एक चाचा सत्तरीचे, गुडघेदुखीने त्रस्त. दोघातिघांनी परतण्याचा विषय काढला. मी म्हणालो, "जितके कष्ट अधिक, तितका सवाब अधिक." इमामानेच असे म्हटल्यावर कोण बोलणार? थोड्याच वेळात चाचा शेवाळलेल्या दगडावरून घसरले. इजा झाली नाही. परंतु दोन तरुणांनी दोन्ही बाजूंनी आधार देऊन त्यांना चालवले, तेव्हा मी चपापलो.

सहीह बुखारीत असेच दृश्य आले आहे. एक वृद्ध गृहस्थ दोन मुलांच्या आधाराने पाय ओढत चालले होते. काबागृहापर्यंत पायी जाण्याचा त्यांनी नवस केला होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले की, या माणसाने स्वतःला यातना द्याव्यात याची अल्लाहला गरज नाही, आणि त्यांना वाहनावर बसण्यास सांगितले.

आम्ही मागे फिरलो. रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीमागे, पत्र्याखाली, प्रवासातील कस्र म्हणून दोन रकात फर्ज अदा केले. चाचांच्या मनाला ते पटले नव्हते. "मौलाना, उरलेल्या दोन घरी पुऱ्या करू का?"

हा प्रश्न चाचांचा एकट्याचा नाही. सवलत घेतली म्हणजे काहीतरी चोरले, अशी भावना आपल्या समाजात खोल रुजली आहे. कस्रची आज्ञा सूरह निसामध्ये शत्रूच्या भयाच्या संदर्भात आली. भय सरल्यावर ती कशासाठी, असे हजरत उमर (रजि.) यांनी विचारले असता, हे अल्लाहने तुम्हाला दिलेले दान आहे, ते स्वीकारा, असे उत्तर मिळाले. हनफी फिकहनुसार तर 48 मैलांहून दूर निघालेल्या मुसाफिराने चार फर्जांचे दोनच करणे वाजिब आहे. दान नाकारण्यात नम्रता नसते. देणाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, हा अहंकार असतो.

मग कष्टाला मोल नाही काय? आहे. हजरत आयशा (रजि.) यांना उमऱ्याचा सवाब श्रमाच्या प्रमाणात मिळेल, असे सांगितले गेलेच होते. परंतु कर्तव्याच्या वाटेत आलेले कष्ट वेगळे आणि मुद्दाम शोधून आणलेले वेगळे. माझा अपराध तर याहून मोठा होता. सवाबाची हौस माझी, गुडघे मात्र चाचांचे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका पावसाळी जुम्याला मुअज्जिनला, लोकांनी आपापल्या घरीच नमाज पढावी, असे पुकारण्यास सांगितले. लोकांना ते खटकले. आपल्याहून श्रेष्ठ व्यक्तीने हेच केले होते, तुम्हाला चिखलातून चालवणे मला रुचले नाही, असे त्यांनी समजावले. चिखल म्हणजे काय, हे आपल्या काळ्या मातीच्या गावाला सांगायला नको!

परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा रात्रभर झड लागली. फजरच्या जमातीत चाचा नव्हते. एरवी अशा अनुपस्थितीचा उल्लेख मी भर मशिदीत केला असता. त्या दिवशी सलाम फेरल्यावर छत्री घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांची नमाज झाली होती. चुलीवर चहा उकळत होता.