गाठ आणि गुंफण

आम्ही शेंदूरजनाघाटचे, संत्र्याच्या बागांतले लोक. नाव दिसते ती पंढरीस चंद्रभागेत तेवढीच. दोर मात्र परका नाही. लहानपणी मोटेचा नाडा तुटला की वडील गाठ मारीत. ती चाकावर चढताना अडके, आणि नाडा पुन्हा तुटे तो बहुधा गाठीजवळच. असे का, ते साठी उलटल्यावर यंदाच्या कार्तिकीत एका नावाड्याने दाखविले.

त्याचा नाव बांधायचा दोर तुटला होता. मी म्हणालो, "मारा गाठ." तो हसला. "महाराज, गाठ मारली की दोर अर्धा मेला." त्याने दोन्ही टोकांचे तीन-तीन पेड उकलले, समोरासमोर बसविले आणि एकेक पेड पलीकडच्या दोरात, एकावरून एकाखालून, पिळाच्या आडवा ओवीत गेला. काथ्याला असे 3 फेरे पुरतात. नायलॉन गुळगुळीत, त्याला 5 तरी हवेत. गाठीत दोर एकदम मुरडतो, काही तंतूंवरच सारा ताण येतो. गुंफणीत ओढ वाढेल तसे पेड एकमेकांस आवळतात. शंभरातले नव्वद बळ टिकते.

संस्कृतात दोरीलाही गुण म्हणतात. चौदाव्या अध्यायातले तीन गुण जीवाला बांधतात, हे पाठशाळेत पुष्कळ घोकले. दोरीवर सापही पाहिला! तुटलेली दोरी सांधावी कशी, ते राहून गेले.

धाकट्या भावाशी माझे विहिरीच्या पाळीवरून फाटले होते. पंचांनी बसविले, आम्ही हात जोडले, लग्नकार्यात एका पंगतीला जेवलो. ती गाठ. पीळ दोघांचाही जसाच्या तसा. आता प्रश्न असा की, स्वतःचा पीळ उकलणे हा धर्म, की दुबळेपणा? पीळ गेला तर दोर कसला, ते नुसते सूत.

मी विचारले, "उकलायचे किती?"

"गुंफायला लागंल तेवढंच. पुढं उकलू नये म्हणून तिथं सुतळी आवळायची."

"अन् दुसरा उकलेचना, तर?"

त्याने टोकदार खुंटीने एका सलग दोराचा पेड किंचित उचलून दाखविला. आपले टोक उकलून तशातही ओवता येते म्हणाला. दोर मात्र आखूड होतो. ते मला बरोबर कळले. माझ्या बाजूला ते पाण्याचे दोन तास होते.

परतलो तेव्हा भावाच्या बागेत आंबिया बहराची तोड चालली होती. बांधावर उभा राहून म्हणालो, "उन्हाळ्यातली पाळी तू ठरव."

"पाहू," तो म्हणाला, आणि मजुरांकडे वळला.